मोटारसायकल शिकताना आधी थांबायला शिका

दुचाकीचे ब्रेक हा एरवी बातमीचा विषय होत नाही. जून २०२५ मध्ये मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला आणि तो विषय चर्चेत आला. १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या नव्या दुचाकींना ‘एबीएस’ (ब्रेक दाबताना चाक जागीच अडू न देणारी यंत्रणा) असावे आणि गाडीसोबत ग्राहकाला दोन प्रमाणित हेल्मेट द्यावीत, असे प्रस्ताव त्या मसुद्यात होते. तेव्हापासून शोरूममध्ये गाडी बघायला गेलेला माणूस मायलेजच्या जोडीने एबीएसचीही चौकशी करतो. एबीएस असले की गाडी घसरत नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. हा समज अर्धाच खरा आहे आणि नवशिक्याच्या बाबतीत तो धोक्याचा ठरू शकतो.

मोटारसायकल मराठवाड्याला काही नवी नाही. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून दुचाकी बनवतो आहे, आणि रानात जायला, तालुक्याला जायला, दूध घालायला घरोघर गाडी लागतेच. परंतु ती शिकण्याची आपली पद्धत ठरलेली आहे. मामा किंवा थोरला भाऊ मागे बसतो, क्लच सोडायचा कसा, रेस द्यायची किती आणि गिअर टाकायचा कधी एवढे दाखवतो. मुलगा चौथ्या गिअरवर गावाच्या वेशीपर्यंत जाऊन परत आला की त्याला गाडी ‘येते’ असे जाहीर होते. थांबणे त्याने पुढे आपोआप शिकावे अशी अपेक्षा असते. या लेखात तो क्रम उलटा केला आहे, कारण चालू झालेली गाडी नीट थांबवता येणे हे कौशल्य गिअर बदलण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचा सराव मात्र जवळजवळ कोणीच करत नाही.

गाडी ब्रेकने थांबते की टायरने?

ब्रेक फक्त चाकाचे फिरणे कमी करतो. गाडीला प्रत्यक्षात थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यामधली पकड. ही पकड अमर्याद नसते. टायर किती झिजला आहे, रस्ता कोरडा आहे की ओला, आणि त्या चाकावर किती वजन आहे, यांवर ती ठरते. ब्रेकने मागितलेला जोर पकडीच्या आत असेल तोपर्यंत चाक फिरत फिरत मंद होते. जोर त्याहून जास्त झाला की चाक जागच्या जागी थांबते आणि टायर रस्त्यावरून घासत जाऊ लागतो. यालाच चाक ‘लॉक’ होणे म्हणतात.

मागचे चाक लॉक झाले तर गाडीची शेपटी डावी-उजवीकडे झोके खाते. बहुतेक वेळा ती सावरता येते. पुढचे चाक लॉक झाले तर सावरायला वेळ उरत नाही, कारण गाडीचा तोल फिरणाऱ्या आणि हँडलला दाद देणाऱ्या पुढच्या चाकावरच राखला जातो. ते घासत गेले की हँडल निरुपयोगी होते आणि गाडी डोळ्याचे पाते लवायच्या आत आडवी होते.

मग ‘पुढचा ब्रेक धरू नको’ हा सल्ला बरोबरच की!

हा सल्ला मराठवाड्यातल्या प्रत्येक नवशिक्याला मिळतो: “पुढचा ब्रेक धरू नको बरं का, तोंडावर पडशील.” सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण त्याचा परिणाम असा होतो की शिकणारा आयुष्यभर मागच्या ब्रेकवर विसंबून गाडी चालवतो आणि खऱ्या संकटात त्याची गाडी हवी तिथे थांबत नाही.

कारण समजून घेण्यासाठी एसटीत उभे राहून केलेला प्रवास आठवावा. चालकाने ब्रेक लावला की उभी माणसे सगळी पुढे ढकलली जातात. मोटारसायकलच्या वजनाचेही तेच होते. ब्रेक लागताच गाडीचे आणि बसणाऱ्याचे वजन पुढच्या चाकावर सरकते, मागचे चाक हलके होते आणि ज्या चाकावर वजन कमी त्याची पकडही कमी होते. म्हणूनच कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना थांबवण्याचे सुमारे सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक दाबणारा माणूस, वजन निघून गेलेल्या चाकाकडून सगळे काम करून घेऊ पाहत असतो. ते चाक लॉक होते, मागे काळा पट्टा उमटतो आणि गाडी पुढे जातच राहते.

तोंडावर पडणारे लोक पुढचा ब्रेक धरल्यामुळे पडत नाहीत, तो एकदम आवळल्यामुळे पडतात. वजन पुढे सरकायला क्षणभर लागतो. त्या क्षणाच्या आधीच सगळा जोर लावला तर हलक्या असलेल्या पुढच्या चाकाची पकड सुटते. म्हणून लिव्हर दोन टप्प्यांत दाबायचा असतो. आधी बोटांनी त्यातला ढिलेपणा काढून घ्यायचा, ब्रेक नुकताच चिकटेल इतकाच. पुढचे शॉकअप खाली दबल्याचे मनगटांना जाणवते. ते जाणवले म्हणजे वजन पुढे आले, आणि आता बोटांचा जोर वाढवत न्यायचा. मागचा ब्रेक पायाने त्याच वेळी, पण बेताने. सारे मिळून एका सेकंदाहून कमी वेळाचे काम आहे. तरीही आधी आणि नंतर असे त्याचे दोन भाग आहेत आणि सरावाने ते हातात बसतात.

या नियमाला एक अपवाद मात्र आहे. पसरलेली खडी, ओली काळी माती किंवा सांडलेले ऑइल यांवर पुढचा ब्रेक अगदी हलका धरावा, कारण तिथे पकडच नसते. तसेच हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळू नये. गल्लीच्या तोंडाशी चालण्याच्या वेगात गाडी आडवी करणारे नवशिके बहुधा याच चुकीने पडतात.

एबीएस आणि सीबीएस नेमके काय करतात?

एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. चाकाजवळचा सेन्सर त्याच्या फिरण्याचा वेग सतत मोजतो. चाक आता थांबून घासणार असे दिसताच यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि लगेच पुन्हा लावते. हे एका सेकंदात अनेकदा घडते. त्या वेळी लिव्हर हाताखाली थरथरतो. नवशिका त्या थरथरीला घाबरून ब्रेक सोडून देतो, आणि नेमके तेच करायचे नसते. ब्रेक दाबून धरायचा आणि बाकीचे यंत्रणेवर सोपवायचे.

‘सिंगल चॅनल’ असे लिहिलेले असेल तर ही सोय फक्त पुढच्या चाकाला असते, मागचे चाक लॉक होऊ शकते. सीबीएस ही त्याहून साधी व्यवस्था आहे: मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, पण चाक लॉक होणे ती रोखत नाही. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना दोहोंपैकी एक सक्तीचे आहे. खेड्यात सर्वाधिक चालणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत त्यामुळे बहुतांशी सीबीएसच आढळते, आणि घरात आधीपासून असलेल्या जुन्या गाडीत दोन्हीही नसते. नवशिका शिकतो बहुधा त्याच जुन्या गाडीवर.

जी पकड रस्त्यावर मुळातच नाही, ती एबीएस निर्माण करत नाही. मोकळ्या खडीवर तर एबीएसवाल्या गाडीला थांबायला कधी कधी जास्तच अंतर लागते. वळणावर गाडी झुकलेली असताना साध्या एबीएसचा भरवसा धरता येत नाही. आणि फाजील वेगावर तर त्याच्याकडे काहीच उपाय नसतो. एवढे असूनही घेताना परवडत असेल तर एबीएसवालीच गाडी घ्यावी, असे मी म्हणेन; घाबरलेल्या माणसाची बोटे काय करतील याचा नेम नसतो.

तीस मीटरवरची म्हैस

वेग थोडासाच वाढवला तर असा काय फरक पडतो, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागेल, पण आकडे सोपे आहेत.

समोर काही आडवे आलेले दिसणे आणि ब्रेक प्रत्यक्ष लागणे यांच्यामध्ये सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जाते: ताशी ४० किलोमीटरला ११ मीटर, ताशी ६० ला जवळजवळ १७ मीटर. त्यानंतर ब्रेकचे अंतर सुरू होते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होते. कोरडे डांबर, बरे टायर आणि दोन्ही ब्रेक चांगले वापरणारा चालक धरला, तर ४० च्या वेगाला सुमारे १० मीटर, ५० ला १६ आणि ६० ला २३ मीटर लागतात.

आता तीस मीटरवर बाभळीच्या आडून एक म्हैस रस्त्यावर आली असे समजा. ४० ने येणारा माणूस एकंदर २१ मीटरमध्ये थांबतो. म्हशीच्या अलीकडे नऊ मीटर जागा उरते आणि तो हॉर्न वाजवत बसतो. ५० ने येणाऱ्याला बरोबर तीस मीटर लागतात, म्हणजे पुढचे चाक म्हशीला टेकता टेकता गाडी थांबते. ६० ने येणाऱ्याला चाळीस मीटर हवे असतात. तीस मीटर संपतात तेव्हा त्याची गाडी अजून ताशी सुमारे ३९ किलोमीटरने धावत असते. सगळे बरोबर करूनही त्याची धडक चाळिशीच्या वेगाने होते. काट्यावर फरक दिसतो दहाचाच. प्रत्यक्षात तो वाचणे आणि दवाखाना यांतला फरक असतो.

हाच हिशेब रात्रीला लावला की आणखी एक गोष्ट उघड होते. साध्या गाडीच्या डिप्परचा उपयोगी उजेड फार तर तीस-चाळीस मीटर पडतो. त्या उजेडात ६० ने जाणारा माणूस, जे दिसेल ते टाळता येणारच नाही अशा वेगाने जात असतो. आणि एका हाताने खिशातला मोबाइल चाचपणाऱ्याचे भान यायला एका सेकंदाऐवजी दोन सेकंद लागले, तर ६० च्या वेगाला तेहतीस मीटर ब्रेकला हात न लावताच संपतात.

सराव कुठे करावा आणि कसा?

आठवडी बाजार नसलेल्या दिवशीचा बाजारतळ, सुट्टीच्या दिवशीचे शाळेचे मैदान, किंवा गावाबाहेर पाडलेल्या आणि अजून घरे न झालेल्या प्लॉटमधले रस्ते, या जागा उत्तम. पहिल्या दिवशी गाडी चालू न करता नुसती ढकलत फिरवावी. उभी करणे, साइड स्टँडवर घेणे, वळवणे यातून तिच्या वजनाची ओळख होते. निम्मी भीती तिथेच जाते.

त्यानंतर क्लच. पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडत आणला की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि गाडी पुढे सरकायला बघते. या जागेला हाफ क्लच म्हणतात. रेस न देता, फक्त हाफ क्लचवर गाडी दोन हात पुढे नेऊन थांबवायची, पुन्हा न्यायची, असे पंचवीस-तीस वेळा करावे. शिकवणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते, पण गर्दीत, चढावर आणि खड्ड्यांतून गाडी सांभाळणारी गोष्ट हीच आहे.

दुसरा गिअर शिकवण्याआधी ब्रेकला यावे. खडूने किंवा चुन्याने एक रेघ मारावी, ताशी वीसच्या वेगाने तिथवर यावे आणि रेघेवर चाक येताच दोन्ही ब्रेक लावून थांबावे. नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता समोर दूर ठेवावी. थांबायला किती अंतर लागले ते पावलांनी मोजावे आणि ते कमी कमी होत गेले की मग वेग तीसवर न्यावा. हेल्मेट, बूट, जाड पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट या सरावालाही हवाच. पडण्याची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. म्हणूनच ती वीसच्या वेगाला मैदानात फेडून घ्यावी. पाण्याने भिजवलेल्या जागी मागचे चाक एकदा मुद्दाम लॉक होऊ दिले, तर ते कसे वाटते तेही कळते, पण ते शिकवणारा जवळ असताना आणि चालण्याच्या वेगात.

गिअरबाबत एक इशारा इथेच द्यायला हवा. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, तर काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. मित्राची गाडी घेऊन निघालेला माणूस सवयीने पाय मारतो आणि गिअर वाढण्याऐवजी उतरतो; वेगात असताना तसे झाले तर मागचे चाक ब्रेक लावल्यासारखे अडते. दुसऱ्याची गाडी घेताना पेट्रोल किती आहे याच्या आधी गिअर कसे पडतात ते विचारावे.

स्कूटर शिकणाऱ्यांना, आणि आता कॉलेजला जाणाऱ्या बऱ्याच मुली तिच्यावरच शिकतात, क्लचची कटकट नसते. ब्रेकचे गणित मात्र तेच, आणि चाके लहान असल्याने खड्डा अधिक जोरात लागतो. ओढणी आणि साडीचा पदर निघण्यापूर्वी खोचून घ्यावा, मागे बसणारीनेही. तो चाकात गेला तर ब्रेक लावायलाही अवधी मिळत नाही.

वळणावर गाडी बाहेर का फेकली जाते?

अगदी सावकाश चालताना हँडल ज्या बाजूला फिरवू त्या बाजूला गाडी जाते. वेग विसाच्या वर गेला की ती झुकवून वळवावी लागते. ज्या बाजूला जायचे त्या बाजूची हँडलची मूठ पुढे हलकी ढकलली की गाडी त्याच बाजूला झुकते. डाव्या वळणाला डावी मूठ. वाचताना हे उलटे वाटते, पण सरळ मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाला हळूच करून पाहावे, लगेच पटते. अनुभवी माणसे हे नकळत करतच असतात. नवशिक्याने जाणून केले तर ऐन वेळी गाडी बाजूला काढणे त्याला जमते.

वळणाचा दुसरा नियम असा की वेग वळणाच्या आधी कमी करायचा. झुकलेला टायर आपली बरीच पकड वळण्यासाठी खर्च करत असतो. त्यात जोराचा ब्रेक मागितला तर दोन्हीला पुरेल इतकी पकड उरत नाही. आणि नजर जिथे जायचे तिथे ठेवावी. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो, हे मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात गाडी घातलेला कोणीही सांगेल.

घाटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे ही वाईट खोड आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये ते सगळे ओझे ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

आपल्याकडचे रस्ते पुस्तकातल्यासारखे नसतात

खरे आहे, आणि म्हणून इथे विशेष थांबायला हवे. मराठवाड्यातली काळी माती कोरडी असताना निरुपद्रवी असते. पावसात शेतातून निघालेला ट्रॅक्टर तीच माती टायरला घेऊन डांबरावर येतो आणि शंभर-दोनशे फूट रस्ता साबणासारखा गुळगुळीत करून जातो. शेताच्या वाटा रस्त्याला मिळतात तिथे म्हणून रेस आधीच सोडावी आणि त्या पट्ट्यावर ना ब्रेक, ना झुकणे, ना एकदम रेस. सोयाबीनच्या सुगीत कोणी ना कोणी रस्त्याच्या कडेला रास घातलेली असते. सांडलेले दाणे चाकाखाली फिरतात. रस्त्यावर खळे करणे चूकच, पण दाण्यावरून घसरणाऱ्याला ते म्हणून उपयोग नाही.

साइडपट्टी हा वेगळाच प्रकार आहे. डांबराची कड आणि बाजूचा मुरूम यांत बऱ्याच ठिकाणी वीतभर खोली असते. समोरून ओव्हरटेक करत आलेली जीप आपल्याला खाली दाबते, तेव्हा नवशिका वेगात खाली उतरतो आणि लगेच परत वर चढायला बघतो. टायर त्या कडेला समांतर घासतो आणि गाडी पडते. उतरावे लागले तर आधी वेग कमी करावा, मुरमात सरळ चालत राहावे, आणि वर येताना कड तिरकी ओलांडावी, शक्यतो जिथे ती बुजलेली असेल तिथे.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रस्त्यावर ऊस असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. संध्याकाळी समोरून मोठ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की ही ट्रॉली अक्षरशः दिसत नाही. तिचा ऊस रस्त्याच्याच रंगाचा होऊन जातो. उजेडाने डोळे दिपले की दिसेपर्यंत वेग उतरवत राहावे, त्यावर दुसरा उपाय नाही. ओव्हरटेक करताना ट्रॅक्टरवाल्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, आणि तो इंडिकेटर न देता उजवीकडच्या शेतात वळू शकतो.

मी सावकाशच जातो, दुसऱ्याने धडक दिली तर?

हा आक्षेप खोटा नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. या सगळ्यांचीच चूक होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याची चूक पोटात घालण्याइतकी जागा आपल्या भोवती ठेवणे आपल्या हातात असते. ट्रकच्या अगदी मागे न राहणे, फाट्यावर कोणी वळायला उभा असेल तर त्याची नजर आपल्यावर पडली का ते पाहणे, फिकट किंवा भडक रंगाचा शर्ट घालणे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही सुरू राहतो तो याचसाठी. वेगळे बटण बसवून तो बंद करून घेणे हा शहाणपणा नव्हे.

एवढ्या उन्हात आणि शेतापर्यंत जायला हेल्मेट?

मे महिन्यात परभणी किंवा नांदेडला पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा हेल्मेट घालणे सुखाचे नसते, हे मान्यच करावे. फिकट रंगाचे, हवेला झरोके असलेले हेल्मेट आणि आत पातळ सुती रुमाल एवढे केले की त्रास कमी होतो, संपत नाही. पण शेत दोनच किलोमीटरवर आहे हा मुद्दा टिकत नाही. म्हैस, काळी माती आणि उसाची ट्रॉली त्याच दोन किलोमीटरमध्ये आहेत.

हेल्मेटचे काम कवटी कडक ठेवणे एवढेच नसते. आतला फेसाळ थर धडकेच्या वेळी दबतो आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ देतो. तेवढ्याने मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा थर दबलेलाच राहतो, म्हणून ते बदलावे. घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहावा. असे चिन्ह नसलेले हेल्मेट बनवायला आणि विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची टोपी मिळतेच. ते डोक्यावर घट्ट बसावे, हलवले तर गालाची कातडीही हलावी, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी जमिनीवर पोचते. वर दिलेल्या २०२२ च्याच वर्षात हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे, हे नांदेडकरांना वेगळे सांगायला नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी लहान हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, असे नियम २०२३ पासून लागू आहेत. लेकराला टाकीवर बसवून नेणाऱ्यांना हे बहुधा माहीतही नाही.

लायसन्स कागदापुरतेच असते ना?

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण हवे. सोळाव्या वर्षी मिळणारी परवानगी ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीची आहे, घरातल्या शंभर सीसीच्या गाडीची नव्हे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘पोरगं हुशार आहे, चालवतं चांगली’ हे सांगून त्यातून सुटका होत नाही.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि किमान तीस दिवस झाल्यावरच पक्क्याची परीक्षा देता येते. तो महिना सरावासाठी ठेवलेला आहे. त्या काळात पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नाही. डबलसीटचा मोह कारण समजून घेऊन सोडावा: मागे माणूस बसला की ब्रेकचे, झुकण्याचे आणि हाफ क्लचचे सगळे अंदाज बदलतात. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना बांधले की तर आणखीनच. आधी एकट्याचे अंदाज पक्के व्हावेत, मग हलक्या वजनाचा माणूस गावातल्या गावात, मग बाकीचे.

महामार्गावर केव्हा जावे?

माझ्या मते रेघेवर चाळीसच्या वेगाला न गडबडता थांबता येऊ लागले, गिअर न बघता पडू लागले आणि मागून हॉर्न वाजला तरी हँडल हलत नाही असे झाले, की मग. सुरुवात सकाळी लवकर, कोरड्या दिवशी आणि ओळखीच्या पट्ट्यावर करावी. सोलापूर–धुळे महामार्गासारख्या चौपदरी रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. हात सैल ठेवून, गुडघ्यांनी टाकी धरून सरळ जात राहिले की तो ओसरतो. हँडल आवळून धरणाऱ्याची गाडी जास्त डुलते. नवरात्रात तुळजापूरला पायी निघालेले भाविक पहाटेच्या अंधारात याच रस्त्याच्या कडेने चालत असतात, त्या दिवसांत डावी कड मोकळी आहे असे धरून चालू नये. चौपदरी रस्ता असला तरी केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल मर्यादा तिथे ताशी ८० आहे, साध्या रस्त्यांवर ६०. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहे; एखाद्या इंटरचेंजवरून चुकून चढलात तर पुढच्या टोलपर्यंत जाऊ, असा विचार न करता तिथेच कडेला थांबून हेल्पलाइनला फोन करावा.